उफणणी पंखा अन् बावीस कोंबड्या

हवा म्हणजे काय चीज असते, हे आख्ख्या कळमनुरी तालुक्यात एकट्या विश्वंभरला कळतं! असं गाव म्हणत नव्हतं, विश्वंभर म्हणत होता. कुणाची बोअरची मोटर जळो, कुणाचा कूलर नुसताच घरघरो, हा पक्कड घेऊन हजर. न बोलावता हजर! काम झालं की म्हणायचा, "बघितलं?" अन् बिघडलं की म्हणायचा, "कंपनीचीच मिष्टिक हाय." त्यामुळं आजपावेतो त्याच्या हातून एकही चूक झालेली नव्हती.

तर या विश्वंभरच्या परसात एक रेडिमेड खुराडं उभं होतं. ते त्याचं नव्हतं बरं का, त्याच्या बायकोचं होतं. शिलाबाईनं बचत गटातून मागवलेलं. वारंगा फाट्यावर पार्सल उतरलं, खोक्यातून पत्रे निघाले, नटबोल्ट निघाले, जाळीचं दार निघालं अन् चित्रांचा एक कागद निघाला. विश्वंभरनं पहिल्यांदा तो कागद भिरकावला. "चित्रं बघून जोडायला मी काय अंगणवाडीत हाय का?" असं म्हणून त्यानं दीड तासाचं काम दोन दिवसांत उरकलं. वर सहा बोल्ट उरले, ते गुपचूप खिशात घातले. शिलाबाईनं दारावर पांढऱ्या रंगानं आपलं नाव लिहून घेतलं अन् एकवीस कोंबड्या आणि एक कोंबडा आत सोडला. कोंबड्याचं नाव कलेक्टर. तो परसात निघाला की विश्वंभरच बाजूला सरकायचा.

वैशाख लागला अन् शिलाबाईला औंढ्याला जावं लागलं. लेक कोमल तिथं सासरी. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं अन् लई अवघड गेलं होतं, रक्त चढवायची पाळी आली होती. आता दुसरं सासरी, अन् दिवस भरत आलेले. पिशवी उचलता उचलता शिलाबाई म्हणाली, "कोंबड्या सोडू नका. तुमच्या हाकेला एकबी माघारी यायची न्हाई. दाणा टाका, पाणी ठेवा, खुराड्यावर वल्लं पोतं टाका. बस्स. दुसरं काहीबी करू नका."

"काहीबी म्हंजे?"

"काहीबी म्हंजे काहीबी! बावीस सोडून चाललेय, बावीसच पायजेत. पोरीच्या बाळंतपणाची अंडी त्याच्यावर हायेत."

ही झाली रविवारची गोष्ट. सोमवारी सकाळी दहालाच पत्रा असा तापला की विश्वंभरनं हात लावला अन् आई आठवली. आत कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. पंख लोंबलेले. कलेक्टरची मान पहिल्यांदाच खाली गेलेली!  एखादी जरी गचकली तरी शिला आपल्याला जिता ठेवायची न्हाई, हे विश्वंभरला बराबर ठाऊक होतं. आता वल्लं पोतं टाकायचं की न्हाई? पण ज्याला हवेतलं कळतं तो माणूस पोतं टाकील व्हय!

"पोत्यानं काय व्हतंय?" तो कलेक्टरला म्हणाला. "हवा खेळली पायजे. हवा!"

त्यानं कटर आणला, मागच्या पत्र्याला ताटाएवढं भोक पाडलं, जाळी ठोकली. मग सोप्यातून उफणणी पंखा ओढत आणला. सोयाबीन उफणायचा तो मोठा पंखा! भोकासमोर ठेवला अन् बटण दाबलं. आत असं वारं सुटलं की कोंबड्यांची पिसं उलटी झाली. पण दहा मिनिटांत चोची मिटल्या, पंख आवरले, कलेक्टरनं मान वर केली अन् जोरात बांग दिली. विश्वंभरला भरून आलं. एवढं यश त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. आता इतकं यश मिळाल्यावर माणूस घरी बसतो का? तो गाडीला किक मारून थेट फाट्यावर गेला अन् चहाच्या टपरीवर दोन तास बसला.

"वेंटिलेशन म्हंते त्याला," तो एकेकाला धरून सांगू लागला. "इंजिनियर लोक पैसे घेतेत याचे. मी फुकटात केलं. उद्या येऊन बघा!"

उद्या येऊन बघा! हे वाक्य त्यानं किमान पंधरा जणांना ऐकवलं.

इकडं काय झालं, तर त्याच्या परसाच्या मागं, कुंपणापलीकडं, देविदासचं अंगण. देविदासची हळद शिजवून वाळवून तयार होती अन् तिची साल घासून काढायचा पॉलिशचा ड्रम नेमका सोमवारीच मोकळा मिळाला होता. ट्रॅक्टरवर ड्रम गरागरा फिरू लागला अन् त्यातून पिवळा धुराळा उठला. कुंपणाच्या त्या अंगाला धुराळा, या अंगाला उफणणी पंखा. पंख्याला काय, जे मागून मिळेल ते पुढं फेकायचं! दोन तास त्यानं इमानेइतबारे देविदासची हळद शिलाबाईच्या खुराड्यात भरली.

विश्वंभर घरी आला तेव्हा ड्रम थांबला होता, देविदास जेवायला गेला होता. विश्वंभरनं खुराड्यात डोकावलं अन् तसाच मागं आला. आपण दुसऱ्याच्या परसात तर नाही ना आलो, म्हणून त्यानं दारावरचं नाव वाचलं. नाव शिलाबाईचंच होतं. कोंबड्या मात्र पिवळ्या होत्या! पांढऱ्या होत्या त्या पिवळ्याधमक, तांबड्या होत्या त्या नारंगी, अन् काळ्यांचा रंग तर सांगायचीच सोय नाही. मधोमध कलेक्टर उभा, नवरदेवासारखा, अन् शिंकत होता.

"अय माय!" विश्वंभर खालीच बसला.

बसून भागणार नव्हतं. पंधरा माणसं उद्या बघायला येणार होती अन् शिला रोज सांजच्याला मोबाईलवर कोंबड्यांचं तोंड बघणार होती. त्यानं बादली भरली, कपडे धुवायची पावडर चांगली दोन मुठी टाकली, फेस केला. पहिल्यांदा कलेक्टरला धरला. कलेक्टरनं त्याच्या मनगटाला दोन चोची मारल्या, पण विश्वंभरनं सोडला नाही. घसाघसा घासला अन् वर उचलून बघितला.

कलेक्टर लाल झाला होता.

विश्वंभरला वाटलं रक्तच आलं! घाबरून त्यानं कोंबडा उलटापालटा केला. जखम कुठंच नाही. मग पंख्यासमोर आलेल्या दोन कोंबड्या धुतल्या, त्याही लाल! फेस लाल, बादली लाल, हात लाल. आता हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्याकडं कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला झोपेत विचारा, ती सांगेल. पण विश्वंभरनं चोपन्न वर्षांत स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता. तो आणखी पावडर टाकून सातव्या कोंबडीपर्यंत पोचला.

तेवढ्यात परसाच्या दारात सटवाजीआबा उभे राहिले. आबा गावाबाहेरच्या मरीआईच्या ओट्याची दिवाबत्ती करायचे. नवसाचा सगळा कारभार त्यांच्याकडं. त्यांनी खुराड्याकडं बघितलं, लालपिवळ्या कलेक्टरकडं बघितलं, पायातल्या चपला काढल्या अन् हात जोडले.

"बावीसच्या बावीस, विश्वंभरा?"

"आँ?"

"हळदबी लावलीस, कुकूबी लावलंस. अन् कुणाला पत्ता न्हाई लागू दिला! कोमलसाठी बोललास व्हय नवस?"

विश्वंभरच्या हातातली कोंबडी निसटली. रीत त्यालाही ठाऊक होती. मरीआईला कोंबडं द्यायचं तर आधी त्याला हळद-कुंकू लावायचं, अन् एकदा लावलं की ते देवीचं. मग ते विकायचं नाही, माघारी घ्यायचं नाही, 'माझं' म्हणायचं नाही. कापायचं अन् गावाला जेवू घालायचं.

आता इथं खरं सांगायला काय झालं होतं? 'आबा, पंखा चुकला' एवढे तीन शब्द! पण फाट्यावर पंधरा जणांना वेंटिलेशन सांगून आलेल्या माणसाच्या तोंडून ते तीन शब्द निघेनात. आबा डोळ्यांत पाणी आणून त्याच्याकडं बघत होते. आजवर त्याच्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

"हं," विश्वंभर म्हणाला.

झालं! तासाभरात गावभर. 'विश्वंभर लेकीसाठी बावीस कोंबड्यांचा नवस बोलला, उद्या मंगळवार, उद्याच जेवण.' लोक येऊन खुराड्याला हात जोडू लागले. देविदास कुंपणावरून ओरडला, "विश्वंभरभाऊ, माझं मोठं पातेलं घेऊन जा! अन् हळद लागली तर सांगा, घरचीच हाय!"

"लागली तेवढी बास झाली," विश्वंभर पुटपुटला.

सांजेला मोबाईल वाजला. शिलाबाई पडद्यावर. विश्वंभरनं मोबाईल नाकाला चिकटवल्यासारखा धरला.

"मागं सरका जरा! नुसतं नाक दिसून राहिलं. कोंबड्या दाखवा."

"झोपल्या."

"सहा वाजता?"

"थकल्यात."

"कशानं? खुराड्यात बसून?" शिलाबाईनं डोळे बारीक केले. "अन् तुमच्या मागं ते लाल काय हाय?"

"बादली."

त्याच वेळी बादलीनं बांग दिली. विश्वंभरनं झटकन मोबाईल आभाळाकडं धरला. त्याला वाटलं आता संपलं सगळं. पण शिलाबाईचं ध्यान तिकडं नव्हतं. तिचा आवाजच बदलला.

"ऐका. कोमलला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात घेऊन चाललोय. मागच्या वेळी लई तकलीफ झाली होती म्हणून डॉक्टर आधीच भरती करून घेऊन राहिले. जीव घट्ट ठेवा."

फोन बंद झाला. विश्वंभर बादलीशेजारी बसून राहिला. कोंबड्या, पंखा, फाट्यावरची इज्जत, सगळं त्याच्या डोक्यातून उडालं. मागच्या वेळची कोमल डोळ्यांपुढं आली, पांढरीफटक, ओठ सुकलेली, "बाबा, घरी चला" म्हणणारी. त्या रात्री त्याला भाकर गेली नाही.

मंगळवारी सकाळी मन घट्ट करून तो आबांकडं गेला. म्हटलं, निदान आकडा तरी कमी करून घ्यावा.

"आबा, ते कालचं... बावीस जरा जास्त होत्यात."

आबांनी वात वळता वळता मान वर केली. "लेक कुठं हाय आत्ता?"

"दवाखान्यात."

"मोकळी झाली?"

"न्हाई अजून."

"अन् तू मरीआईसंग भाव करून राहिलास?"

 तसा विश्वंभर नवस-सायास मानणारा नव्हता, तो मोटर-पंखा मानणारा होता. पण लेक आत कळा देत असताना कुणाची छाती होते 'मी मानत नाही' म्हणायची? दिल्या नाहीत अन् काही वंगाळ झालं तर? दिल्या तर शिला काय म्हणेल? तिनं एकेक पिल्लू पदराखाली वाढवलं होतं. एका अंगाला लेक, एका अंगाला बायको, अन् मधे आपण, तेही स्वतःच्या थापेनं! स्वतःच्याच कानफटात मारावी असं त्याला वाटलं.

तो तसाच ओट्यापाशी गेला. शेंदराच्या दगडापुढं उकिडवा बसला अन् कुणी ऐकत नाही ना बघून म्हणाला, "माय, तुला तर समदं माहीतच हाय. मी नवस न्हाई बोललो. पंख्यानं झालं. पंखा मी लावला. चूक माझी हाय, कंपनीची न्हाई. पोरीला याच्यात धरू नको." चूक माझी हाय! हे शब्द विश्वंभरच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले अन् तेही दगडापुढं.

घरी येतो तर काय, परसात जत्रा! बाया मसाला वाटत होत्या, देविदास सुरीला धार लावत होता, फाट्यावरचे पंधरा जण वेंटिलेशन बघायला म्हणून आले होते अन् जेवायला म्हणून बसले होते. कलेक्टर जाळीतून सुरीकडं अन् सुरीवरून विश्वंभरकडं बघत होता. विश्वंभरनं नजर चुकवली.

अन् मोबाईल वाजला.

"मुलगी झाली!" शिलाबाई ओरडत होती. "कोमल चांगली हाय! कायबी तकलीफ न्हाई झाली! ऐकू येऊन राहिलं का?"

 विश्वंभर खांबाला डोकं टेकून मोठ्यानं रडला, सगळ्यांदेखत रडला, नाक धोतराला पुसलं अन् परत रडला. बायांनी मसाला सोडून डोळ्यांना पदर लावला. मग शिलाबाई पुढं म्हणाली, "दुपारच्या गाडीनं येऊन राहिले. तूप अन् अंडी घेऊन लगेच माघारी जायचंय."

विश्वंभरचं रडणं जागेवर थांबलं.

"ऐकलंत का!" आबांनी हात वर केले. "मरीआई पावली! आता उशीर नको. देविदास, आण सुरी!"

"थांबा!" विश्वंभर खुराड्याला आडवा झाला. "शिला येऊ द्या! तिच्याबगर नको! जोडीनं द्यावं लागतं!"

जोडीनं द्यायची रीत कुठंच नव्हती, पण आबांना ते पटलं. दोन तास गाव भुकेनं अन् विश्वंभर भीतीनं घामाघूम होऊन बसला. अडीचला फाट्यावरून आलेल्या ऑटोतून शिलाबाई उतरली. परसात शिरली अन् थबकली. माणसं, पातेलं, सुरी, लालपिवळ्या कोंबड्या, मागचं भोक, पंखा अन् कुंपणापलीकडचा देविदासचा ड्रम, असं तिनं एका नजरेत सगळं बघितलं. ती नजर शेवटी नवऱ्यावर येऊन थांबली.

"पंखा कुणी लावला?"

विश्वंभरनं तोंड उघडलं. सवयीनं 'कंपनी' शब्द ओठांवर आला. पण सकाळीच एकदा खरं बोलून झालं होतं.

"मी लावला. हळद देविदासच्या ड्रमची. लाल रंग कपड्याच्या पावडरीचा. नवस कुणीच बोललं न्हाई. आबांनी विचारलं अन् मी 'हं' म्हणालो. लाजेपायी."

 देविदासनं सुरी हळूच पाठीमागं नेली. आबांचा चेहरा पडला.

"पण लेकरा, हळद लागली, कुकू लागलं, तोंडातून 'हं' गेलं. हे आता देवीचं झालं."

शिलाबाईनं पदर खोचला. "आबा, दुसऱ्याच्या वावरातली हळद उपटून देवीला वाहिली तर चालते का?"

"न्हाई चालत."

"हितं कुणाचं नाव हाय?" तिनं खुराड्याच्या दारावर बोट ठेवलं. गावानं मोठ्यानं वाचलं, शिलाबाई. "कोंबड्या माझ्या. नवस मी बोलले न्हाई. यांना याच्यातलं एक पीस द्यायचाबी हक न्हाई!"

आबांनी दारावरचं नाव परत एकदा वाचलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "ज्याची चीज त्याचाच नवस. मग आता सांग विश्वंभरा, या घरात तुझ्या सोताच्या नावावर काय हाय?"

विश्वंभर आठवू लागला. घर शिलाच्या नावावर. वावर अजून बापाच्या नावावर. गाडी जावयाची जुनी. गाव आशेनं त्याच्याकडं बघत होतं, कारण मसाला वाटून तयार होता.

"खिशात सहा बोल्ट हायेत," तो म्हणाला.

गाव एवढं हसलं की कोंबड्या बिचकल्या. शिलाबाईसुद्धा हसली, पण लगेच आवरली. "नात झालीय, माणसं उपाशी जायची न्हाईत," ती म्हणाली. "मरीआईला रोडगे करा. वरण, वांग्याची भाजी. घरात गहू हाय, तूप हाय. अन् रोडगे 'हं' म्हणणाऱ्यानं सोता भाजायचे!"

मग ती खुराड्याजवळ गेली. छपराखाली दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीची लांब पट्टी होती, पार्सलातून आली तशीच चिकटलेली. तिनं नखानं टोक उचललं अन् सर्रकन ओढली. आत हातभर लांबीची जाळीची खिडकी निघाली. दुसऱ्या बाजूचीही ओढली. गरम हवा भपकन वरून बाहेर आली, ती शेजारी उभ्या असलेल्या विश्वंभरच्या तोंडाला लागली.

"कागदावर चित्र होतं याचं," शिलाबाई म्हणाली. "निघायच्या घाईत पट्टी काढायची राहिली, आल्यावर काढणार होते. तवर वल्लं पोतं पुरलं असतं, म्हणून तर म्हणाले होते, दुसरं काहीबी करू नका."

फाट्यावरच्या पंधरा जणांनी मिळून त्या दोन खिडक्या बघितल्या. "वेंटिलेशन!" त्यातला एक जण म्हणाला.

दुपारी साडेतीनला, वैशाखाच्या भर उन्हात, विश्वंभर परसात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांपुढं बसला. पुढं कणकेचे दीडशे जाड रोडगे. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं, डोळ्यांत धूर, मिशा भाजायला आलेल्या. शिलाबाईनं पंखा भोकापासून काढून दाराच्या अंगाला लावला होता, हळूहळू फिरणारा. समोर कोंबड्या गार वाऱ्यात पिसं फुगवून बसल्या होत्या. हळद काय, चार दिवस उन्हात फिरल्या की उडणार होती. कलेक्टर तर डोळे मिटून डुलत होता.

"अगं," विश्वंभर काकुळतीला येऊन म्हणाला, "तो पंखा जरा हिकडं फिरव की. जीव चालला माझा."

शिलाबाई अंडी मोजून टोपलीत ठेवत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्या अंडी देऊन राहिल्या," ती म्हणाली. "तुमी काय देऊन राहिले?"

विश्वंभरनं रोडगा उलटला.